जवळच्या शेतातली ताजी स्ट्रॉबेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगाम सुरू झाला की पहिले चार दिवस कौतुकाचे निरोप येतात आणि पाचव्या दिवसापासून बुरशीचे फोटो. दोन्हींतून जमलेले हे प्रश्न आहेत. तेच ते पुन्हा सांगायला नको म्हणून जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जवळच्या शेतातली स्ट्रॉबेरी खरंच जास्त गोड लागते, की हा सगळा मनाचा खेळ?

मनाचा खेळ थोडा असेलही, पण मुख्य कारण साधं आहे. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा किंवा केळं तोडल्यानंतरही आतल्या पिठूळ साठ्याची साखर करत राहतं. स्ट्रॉबेरीकडे असा साठा जवळजवळ नसतोच. तिची गोडी पानांकडून देठावाटे येते आणि देठ तुटला की रसद बंद. तोडताना जेवढी गोड, त्याहून गोड ती पुढे कधीच होत नाही.

आता लांबच्या बाजाराचा विचार करा. पूर्ण पिकलेलं फळ बोटाच्या दाबानेही दबतं, ते दोन-तीन दिवसांचा प्रवास काय सोसणार? म्हणून लांब जाणारा माल देठालगत पांढरा असतानाच तोडतात. ज्याचं गिऱ्हाईक तासाभराच्या अंतरावर आहे तो शेतकरी आणखी एक-दोन दिवस थांबू शकतो, आणि चवीतला बराचसा फरक त्या एक-दोन दिवसांत पडतो.

वाणाचाही भाग आहे. लांबच्या प्रवासाला कडक सालीचं, घट्ट गराचं वाण लागतं. मऊ, रसाळ, सुगंधी वाणं लावायला जो धजावतो त्याचं गिऱ्हाईक बहुधा जवळच असतं.

२. अर्धी पांढरी स्ट्रॉबेरी घरी ठेवली तर पिकेल ना? केळ्याशेजारी ठेवून बघू का?

लाल होईल, मऊही होईल, पिकणार मात्र नाही. रंग तोडल्यानंतरही चढतो आणि घोटाळा तिथेच होतो. दोन दिवसांनी ती डोळ्यांना पिकलेली दिसते आणि जिभेला कच्चीच लागते. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू इथे मदत करत नाही. उलट त्याच्या सहवासात स्ट्रॉबेरीला बुरशी लवकर धरते, तेव्हा दोघांना वेगळंच ठेवा. पांढऱ्या खांद्याची फळं गळ्यात पडलीच असतील तर प्रश्न १३ पाहा, जॅमला ती उपयोगी पडतात.

३. डबी उघडून चव बघता येत नाही. मग चांगली कशी ओळखायची?

आधी नाक. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा वास डबी तोंडाजवळ नेण्याआधीच येतो. वास नसेल तर रंग कितीही देखणा असो, मी घेत नाही. (फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या डबीला हा नियम लावू नका, गारठ्यात वास दबतो.)

मग देठालगतचा भाग. लाली वरच्या हिरव्या टोपीपर्यंत पोचलेली हवी. टोपीची पानं ताजी, हिरवी हवीत. ती सुकून तपकिरी झाली असतील तर फळ तोडून बरेच दिवस झाले. सालीवर चमक असावी. निस्तेज, गडद, किंचित जांभळट छटा आली की फळ उतरणीला लागलं समजा.

आणि डबी उलटी करून तळ बघायला लाजू नका. वरच्या थराची मांडणी सगळेच छान करतात. तळाला रसाचा डाग असेल तर खालची फळं चेपलेली आहेत.

४. मोठी स्ट्रॉबेरी बेचव आणि छोटी गोड, हे खरं का?

अर्धं खरं. एका घोसात जे फूल सर्वांत आधी उमलतं त्याचं फळ सर्वांत मोठं होतं. त्यानंतरच्या फुलांची फळं क्रमाने लहान. म्हणजे एकाच रोपावर, एकाच आठवड्यात लिंबाएवढं आणि बोराएवढं अशी दोन्ही फळं सापडतात आणि दोन्ही तितकीच गोड असू शकतात. गोडी ठरते ती उन्हावर, रात्रीच्या गारव्यावर आणि रोपावर एकदम किती फळं लगडली आहेत यावर. मात्र नुसत्या आकारासाठी निवडलेली काही वाणं चवीला खरोखरच पाणचट असतात, आणि म्हण बहुधा त्यांच्यावरून पडली असावी. मोठं फळ कापल्यावर आत पोकळी दिसली तर घाबरू नका, तो दोष नुसता दिसण्यापुरता आहे.

५. स्वतः शेतात जाऊन तोडायची असेल तर कशी तोडायची? आमच्या हातात नेहमी चेंदामेंदा होतो.

फळाला धरून ओढता म्हणून. हात फळाला लागायलाच नको. फळाच्या वर बोटभर अंतरावर देठ अंगठ्याच्या नखात आणि तर्जनीत धरायचा, हलकी पिळ देऊन तोडायचा. ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि फळ टोपीसकट, इवल्या देठासकट तळहातात येतं. पानं बाजूला सारून खाली बघा. उत्तम फळ बऱ्याचदा पानाच्या सावलीत, वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंगच्या कागदाला टेकून बसलेलं असतं आणि घाईतल्या माणसाला ते दिसत नाही.

जायचं सकाळी, दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी. गार फळ घट्ट असतं, तापलेलं फळ हातातच दबतं. भांडं उथळ घ्या. दोन-तीन थरांच्या वर ढीग नको.

माझी फजिती सांगते. एकदा सकाळी सकाळी दोन ट्रे भरून तोडल्या, गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि वाटेत मैत्रिणीकडे ‘पाच मिनिटं’ थांबले. ती पाच मिनिटं दुपारपर्यंत चालली. डिकी उघडली तेव्हा वास अप्रतिम येत होता, कारण जॅम तयार व्हायची अर्धी वाट तिथेच चालून झाली होती. तोडल्यापासून फळ गार होईपर्यंतचा वेळच तिचं आयुष्य ठरवतो. व्यापारी शेतीत तर काढणीनंतर तासाभरात माल थंड करायची धडपड असते.

६. धुवायची कधी? आणि टोपी आधी काढायची की नंतर?

खायच्या अगदी आधी, आणि टोपी ठेवूनच. टोपी काढली की फळाला भोक पडतं, तिथून पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते. वाहत्या गार पाण्याखाली चाळणीत हलकेच धुवा, फडक्यावर पसरा, मग टोपी काढा. भिजत घालू नका.

एक अपवाद आहे. दोन-तीन दिवस ठेवायच्याच असतील तर काही जण एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाण्यात बुचकळून, साध्या पाण्याने धुऊन ठेवतात. बुरशीचे बीजाणू कमी होतात, त्यामुळे उपाय खरा आहे. पण त्यानंतर प्रत्येक फळ खडखडीत कोरडं झालं पाहिजे. ओलं राहिलं तर केलेलं सगळं उलटतं.

७. फ्रिजमध्ये किती दिवस टिकते?

पूर्ण पिकलेली असेल तर दोन, फार तर तीन दिवस. शीतगृहात ० अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ती आठवडाभर तग धरते. घरातला फ्रिज तेवढा थंडही नसतो आणि दमटही. पसरट डब्यात कागद अंथरा, फळं न धुता एका थरात ठेवा, झाकण घट्ट लावू नका. दबलेली फळं आधी वेगळी काढून त्याच दिवशी संपवा.

खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. थंड स्ट्रॉबेरी आंबटगोड लागते, पण ती ‘स्ट्रॉबेरी’ लागते ती सुगंधामुळे. कारण पुढच्या उत्तरात.

८. वास एवढा छान का येतो? आणि इसेन्सचा वास तसा का नसतो?

कारण तो एक वास नाही. स्ट्रॉबेरीच्या सुगंधात शेकडो उडनशील घटक सापडले आहेत. फ्युरॅनिऑल नावाचा घटक साखर करपवल्यासारखा गोडसर वास देतो, एस्टर वर्गातले घटक फळांचा, काही घटक ओल्या हिरव्या पानांचा. रानटी जातींत आणि काही सुगंधी वाणांत मिथाइल अँथ्रानिलेट असतं, त्याचा वास द्राक्षांकडे झुकतो. इसेन्समध्ये यांतले निवडक चार-सहा घटक एकत्र केलेले असतात. ओळखीचा चेहरा तर दिसतो, पण फोटोतला.

हे घटक पिकण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात भराभर वाढतात. म्हणून दोन दिवस आधी तोडलेल्या फळात साखरेपेक्षाही सुगंधाची तूट जास्त जाणवते.

९. डबीत एका फळाला करडी बुरशी दिसली. सगळी डबी टाकायची का?

सगळी नको. बुरशी लागलेलं फळ आणि त्याला चिकटलेली मऊ पडलेली फळं काढून टाका. बाकीची एकेक करून बघा, घट्ट आणि स्वच्छ असतील तर धुऊन त्याच दिवशी खा. बुरशीचा भाग कापून उरलेलं फळ खाऊ नका. इतक्या मऊ फळात तिचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

ही बहुधा बोट्रायटिस असते. ती पुष्कळदा फुलातच शिरलेली असते आणि फळ पिकेपर्यंत गुपचूप दबा धरून बसते. त्यामुळे सकाळी निर्मळ दिसलेल्या डबीला दुसऱ्या दिवशी लव फुटली म्हणजे विकणाऱ्याने फसवलंच असं नाही. ओल्या हवेत तिचं फावतं, म्हणून पावसानंतर तोडलेला माल लवकर संपवावा.

१०. मिठाच्या पाण्यात टाकल्यावर स्ट्रॉबेरीतून अळ्या निघतात असा व्हिडिओ पाहिला. आता खायची भीती वाटते.

व्हिडिओ खोटा असेलच असं नाही. ड्रॉसोफिला सुझुकी नावाची फळमाशी पिकत्या फळात अंडी घालते. मूळची पूर्व आशियातली ही माशी २००८ नंतर अमेरिका आणि युरोपातही पसरली. अळी बारीक, पांढरी असते आणि मिठाच्या पाण्यात बाहेर येते. चुकून पोटात गेली तर अपाय होत नाही. प्रत्येक डबीत ती असतेच असंही नाही. मनातून जात नसेल तर तोडलेली फळं लगेच थंड करा, थंडीत अंडी आणि अळ्या वाढत नाहीत. मिठाच्या पाण्यात मात्र फळ खारट आणि लिबलिबीत होतं. मी ते करत नाही.

११. स्ट्रॉबेरी ‘बेरी’ नाही आणि बिया बिया नाहीत, असं मुलगी शाळेतून ऐकून आली. मग आहे तरी काय?

मुलीचं बरोबर आहे. वनस्पतिशास्त्रात बेरी म्हणजे फुलाच्या अंडाशयापासून झालेलं गरदार फळ. त्या हिशेबाने टोमॅटो आणि केळं बेरी ठरतात, स्ट्रॉबेरी नाही. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला पुष्पाधार, म्हणजे फुलाचे सगळे भाग ज्यावर बसलेले असतात ते देठाचं टोक. त्यावर टोचल्यासारखे दिसणारे पिवळे दाणे हीच खरी फळं, आणि प्रत्येकाच्या आत एकेक बी. एका स्ट्रॉबेरीवर असे दोनशेच्या आसपास दाणे असतात.

शोभेचे नाहीत ते. दाण्यांतून निघणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकामुळेच भोवतालचा गर फुगतो. कोवळ्या फळावरचे दाणे खरवडून काढले की वाढ थांबते, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. यातूनच पुढच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

१२. वेड्यावाकड्या, चिमटलेल्या स्ट्रॉबेऱ्या रोगट असतात का?

सहसा नाही. परागीभवन नीट झालं नाही की काही दाणे पोकळ राहतात. त्या बाजूचा गर फुगत नाही आणि फळ एका अंगाला चिमटतं. भिंगातून बघितलंत तर चिमटलेल्या जागी दाणे बारीक आणि दाटीवाटीने बसलेले दिसतील. फुलोऱ्याच्या दिवसांत गारठा, पाऊस किंवा मधमाश्यांचा तुटवडा असला की हे होतं. चव तीच. मी तर अशी फळं मुद्दाम मागून घेते, कारण ती कोणी उचलत नाही आणि पूर्ण पिकेपर्यंत रोपावर राहिलेली असतात.

१३. साखर घातली की पाणी सुटतं, दुधात घातली की दूध फाटतं, जॅम घट्ट होत नाही. आमचं चुकतं कुठे?

तीन प्रश्न एकदम, तर उत्तरंही तशीच.

साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढते, त्याला इलाज नाही. उलट त्याचा फायदा घ्या. कापलेल्या फोडींवर थोडी साखर भुरभुरून अर्धा तास झाकून ठेवा. वाटीच्या तळाला जमतो तो माणकासारखा रस, तो ओतून देणाऱ्याला काय म्हणावं! फोडी कोरड्या हव्या असतील तर साखर ताटात वाढतानाच घाला. फळ फिकं निघालं असेल तर चिमूटभर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब साखरेपेक्षा जास्त काम करतात.

दूध फाटतं ते आम्लाने. स्ट्रॉबेरीचा सामू (पीएच, आम्लतेचं माप) साधारण ३.५ असतो. दूध आणि फळ दोन्ही गार असावं आणि मिसळलं की लगेच प्यावं. गरम दुधात कधीच नको.

जॅम घट्ट करणारं पेक्टिन स्ट्रॉबेरीत मुळातच कमी, आणि पिकत जाईल तसं ते आणखी उतरतं. म्हणून थोडी अर्धीकच्ची फळं मिसळा आणि लिंबाचा रस घाला. शिवाय एका वेळी कमी जॅम करा. मोठ्या पातेल्यात तास-तासभर आटवलं की रंग विटकरी होतो आणि प्रश्न ८ मधला सगळा सुगंध स्वयंपाकघरभर पसरून बरणीत काहीच उरत नाही.

१४. पूर्ण पिकलेली पण पांढरी स्ट्रॉबेरी असते का? की आम्हाला कच्चीच विकली?

असते. प्रश्न ३ मधला लालीचा नियम इथे चालत नाही. या वाणांत गराचा लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, तयारच होत नाही. पिकल्याची खूण दाण्यांत शोधायची. ते हिरवट असतील तर कच्ची, लाल झाले असतील तर तयार. दुसरी खूण वास आणि किंचित मऊपणा. दाणे हिरवे आणि गर कडक असेल तर मात्र तुम्हाला साधी लाल जातच कच्ची असताना विकली.

१५. स्ट्रॉबेरी मुळात कुठली?

रानटी स्ट्रॉबेऱ्या जगात अनेक ठिकाणी उगवतात, बोटाच्या पेराएवढ्या. आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी मात्र अठराव्या शतकात युरोपातल्या बागांत जन्मली, आणि तिचे आईबाप दोन्ही अमेरिका खंडांतले. फ्रान्सचा लष्करी अभियंता आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए १७१२ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश तटबंदीची टेहळणी करायला गेला. चिलीतल्या कन्सेप्सिऑन इथे त्याने मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी पाहिली आणि १७१४ मध्ये परतताना तिची रोपं जहाजावर चढवली. सहा महिन्यांच्या प्रवासात पाच जगली. (फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला ‘फ्रेझ’ म्हणतात. आडनावाचा योगायोग बघा.)

रोपं वाढली, फुलली, फळेनात. ती सगळी मादी रोपं होती. पुढे ब्रिटनी प्रांतात त्यांच्याशेजारी उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनियाना जात लावली गेली, पराग मिळाले आणि फळं धरली. त्या संकरातून आलेल्या स्ट्रॉबेरीला अननसासारखा वास म्हणून शास्त्रीय नावात ‘अनानासा’ आलं. ती दोघांची संतती आहे हे १७६६ मध्ये आंत्वान निकोला ड्युशेनने मांडलं, तेव्हा तो विशीचाही नव्हता.

१६. बाजारात तर जवळजवळ वर्षभर दिसते. मग हंगामाला अर्थ काय?

पूर्वीची बहुतेक वाणं दिवस लहान आणि हवा गार असतानाच कळ्या धरत. दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारी वाणं नंतर आली. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रॉइस ब्रिंगहर्स्ट यांनी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वासॅच डोंगरांतून आणलेल्या रानटी रोपाचा हा गुण संकरातून बागायती वाणांत उतरवला. आजचं आल्बियन हे त्याच पठडीतलं. पण दिवसाची लांबी टाळता आली तरी उष्मा टाळता येत नाही. फार तापलं की ही वाणंही फुलणं थांबवतात, आणि गरम रात्रींत पिकलेलं फळ घाईने लाल होतं, गोडी भरायला वेळच मिळत नाही. वर्षभर मिळणारी आणि हंगामात मिळणारी यांत एवढा फरक राहतोच.

१७. मधुमेह आहे, खाऊ का? आणि मुलाच्या तोंडाभोवती पुरळ उठतं त्याचं काय?

१०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत साधारण ५ ग्रॅम साखर, ३२ कॅलरी आणि ५० ते ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. फळांत ती कमी साखरेची, पण प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. वरून घातलेली साखर या हिशेबात नाही.

पुरळ नुसतं तोंडाभोवती आणि थोड्या वेळात जाणारं असेल तर ते आम्लाने कातडी चुरचुरल्यामुळेही असतं. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, घशाला खाज, धाप लागणं ही ॲलर्जीची लक्षणं आहेत. खाणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर वाट बघत बसू नका.

१८. जवळच्या शेतातली म्हणजे विनाऔषधांची, बरोबर?

नाही. अंतर आणि शेतीची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या शेतातही फवारणी होते, लांबच्या शेतात नसेलही. जवळ असण्याचा फायदा एवढाच की विचारता येतं. फवारलं काय आणि कधी, काढणी त्यानंतर किती दिवसांनी झाली, वाण कोणतं, तोडली आज की काल? सरळ उत्तरं देणारा माणूस सापडला की मी पुढच्या हंगामातही त्याच्याकडेच जाते. ‘ताजीच आहे हो’ एवढंच म्हणणाऱ्याकडे डबीचा तळ बघते.

१९. त्याच शेतातली, तेच वाण. गेल्या आठवड्यात मधासारखी होती, आज आंबट. शेतकऱ्याने बदलली का?

बहुधा हवेने बदलली. चार दिवस ढग राहिले तर पानं साखर कमी बनवतात. जोराचा पाऊस झाला तर फळ पाणी पिऊन फुगतं आणि चव विरळ होते. शिवाय रोपावर फळांच्या लाटा येतात. भरगच्च लाटेत तीच साखर जास्त फळांत वाटली जाते, लाट ओसरताना उरलेल्या थोड्या फळांना पुन्हा भरपूर मिळते. म्हणून मागच्या आठवड्याच्या आठवणीवर दोन किलो उचलू नका. शेतावर असाल तर एक मागून चाखा, आणि चाखताना टोकाकडून नाही, देठाकडून चावा. टोक नेहमीच जास्त गोड असतं. देठाकडचा घास गोड लागला तर ट्रे घ्या.